‘नाही’ कोण म्हणालं? डिजिटल कारभार आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विकसनशील देशांच्या डिजिटल कारभाराचे धोरण ठरवणारी मंत्रालये, त्यासाठी कर्ज आणि अनुदान देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था, आणि या यंत्रणा बांधणारे अभियंते यांस

विषय: कागदी अर्जाची खिडकी बंद करून सरकारी सेवा ‘फक्त ऑनलाइन’ करण्याबाबत

सविनय नमस्कार,

गेली 11 वर्षे मी एका सेवा केंद्रावर बसते. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणे हे माझे काम. जन्माचा दाखला, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, जमिनीची नोंद, जे असेल ते. तुमच्या अहवालांत ज्याला ‘लाभार्थी’ म्हणतात तो माणूस माझ्या समोरच्या खुर्चीत बसतो आणि तुमचे पोर्टल माझ्या पडद्यावर असते. दोघांच्या मध्ये मी असते, म्हणून दोघांचे काय बिनसते ते मला जवळून दिसते.

आमच्या केंद्राशेजारी कागदी अर्ज घेणारी एक खिडकी होती. ती बंद झाली आणि दारावर सूचना लागली की यापुढे सर्व अर्ज फक्त ऑनलाइन. प्रश्न या एका खिडकीचा असता तर मी पत्र लिहिले नसते. पण देशामागून देश हाच निर्णय घेत आहेत. ऑनलाइनची सोय म्हणून जे सुरू होते ते काही वर्षांत सक्ती होऊन बसते, आणि मधल्या काळात ज्यांना ती सोय वापरता आली नाही त्यांना कुणी काही विचारत नाही.

महिनाभरापूर्वीची गोष्ट सांगते. एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचे यंत्रावर बोट ठेवून सिद्ध करायचे, मग निवृत्तिवेतन सुरू राहते. त्यांचे आधीच तीन महिने थांबलेले होते. मी बोट ओल्या फडक्याने पुसून घेतले, काचेवर ठेवले, वरून हलकेच दाबले. लाल दिवा. दुसरे बोट. लाल दिवा. दहाही बोटे झाली, मग पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यभर हातांनी कष्ट केलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात, हे माझ्यासारख्या प्रत्येक केंद्रचालकाला ठाऊक आहे. ओटीपीचा पर्याय होता, पण नोंदवलेला मोबाइल क्रमांक मुलाचा जुना, केव्हाच बंद पडलेला. मी ऑनलाइन तक्रार नोंदवली. 19 दिवसांनी उत्तर आले: ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. कारण: इतर.’

ते मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे विचारले, “नाही कोण म्हणालं?”

मी त्या पानावर वरपासून खालपर्यंत शोधले. अधिकाऱ्याचे नाव नाही, हुद्दा नाही, सही नाही, अपील कुठे करायचे ते नाही. ‘इतर’ हा यादीतला शेवटचा पर्याय कुणी तरी निवडला, किंवा कुणीच न निवडता आपोआप लागला, हेसुद्धा कळायला मार्ग नाही. पूर्वी खिडकीमागचा कारकून नाही म्हणायचा. त्या खिडकीवर चिरीमिरी चालायची, हेलपाटे पडायचे, हे मी विसरलेले नाही आणि मला ते दिवस परत नको आहेत. पण तो कारकून कोण हे माहीत असायचे. त्याच्याशी वाद घालता यायचा, त्याच्या साहेबांकडे जाता यायचे, चार माणसे घेऊन दारात बसता यायचे. आजींनी आता कुणाच्या दारात बसायचे?

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. असते तर हे काम 11 वर्षे केले नसते. 2007 साली केनियात एम-पेसा सुरू झाले आणि साध्या फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले. त्यामुळे सुमारे 1,94,000 कुटुंबे, म्हणजे त्या देशातली 2 टक्के कुटुंबे, अतिदारिद्र्यातून वर आल्याचे तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांच्या 2016 मधील अभ्यासात दिसले. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या देशाने एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रोजगार बुडालेल्यांसाठी ‘नोव्हिसी’ योजना उभी केली. त्यासाठी ना स्मार्टफोन लागला ना इंटरनेट. साध्या फोनवर एक छोटा क्रमांक फिरवायचा आणि पैसे खात्यात. ही कामे पाहून मला मनापासून आनंद होतो. मात्र एम-पेसाचे यश सांगताना एक बाब बहुतेक भाषणांतून गळते. रोख पैसे घेऊन ते फोनमध्ये भरणारे आणि फोनमधले काढून रोख देणारे हजारो एजंट गल्लोगल्ली बसलेले होते. ज्याला फोनमधले कळत नव्हते त्याला चेहऱ्याने ओळखणारा माणूस समोर होता.

याहून बोलका दाखला भारतातला आहे, आणि तुमच्यापैकी प्रत्येकाने तो नीट वाचावा अशी माझी इच्छा आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थतज्ज्ञांनी आंध्र प्रदेशात बोटांच्या ठशांवर चालणाऱ्या स्मार्टकार्डांचा अभ्यास केला. रोजगार हमीची मजुरी आणि निवृत्तिवेतन या कार्डांवरून दिले जात होते. पैसे लवकर आणि वेळच्या वेळी मिळू लागले, गळती घटली, आणि लोक योजनेबाहेर फेकले गेल्याचे दिसले नाही. याच अभ्यासकांनी पुढे झारखंडमध्ये रेशनवर आधारची ओळखपडताळणी सक्तीची केल्यावर काय झाले ते तपासले. नुसत्या सक्तीने गळती कमी झाल्याचे दिसले नाही. उलट ज्यांचे आधार रेशनकार्डाला जोडलेले नव्हते, त्यांना मिळणारा लाभ सरासरी 10 टक्क्यांनी घटला. देश एक, ठसे घेण्याचे तंत्र एक. फरक असा की आंध्रात कार्ड नसलेल्यांना जुन्या पद्धतीने पैसे मिळत राहिले, कार्डांचा विस्तार झाल्यावरही निम्म्याच्या आसपास वाटप जुन्याच वाटेने होत होते. झारखंडमध्ये ती वाट बंद केली गेली.

म्हणजे कागदी खिडकी चालू ठेवणे हा मागासपणा नव्हता. नवी व्यवस्था तिच्या आधाराने उभी राहिली. आणि तुम्ही तीच खिडकी खर्च वाचवण्याच्या नावाखाली आधी बंद करता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी, नकाराची. यंत्राकडून चूक होणारच, माणसाकडूनही होते. पण यंत्राची चूक निस्तरण्याचे ओझे तुम्ही सगळ्यांत कमी ताकद असलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकले आहे. नोंद चुकते कार्यालयात आणि हेलपाटे घालतो नागरिक. युगांडात 80 वर्षांवरील वृद्धांना अनुदान मिळते, पण राष्ट्रीय ओळखपत्रावर जन्मवर्ष चुकीचे पडल्याने खरोखरचे वृद्ध त्यातून वगळले गेले. तिथल्या मानवी हक्क संघटनांनी 2021 मध्ये हे सविस्तर मांडले. ज्यांच्या जन्माच्या वेळी कुठलीही नोंद झाली नाही त्यांच्याकडे जन्मतारखेचा पुरावा कुठून येणार? माझ्या पडद्यावर तारीख, महिना, वर्ष हे तिन्ही रकाने भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. माणूस म्हणतो, मोठ्या पुराच्या वर्षी जन्मलो. मी अंदाजाने 1 जानेवारी टाकते. आज माझ्या हातून पडलेली ती तारीख दहा वर्षांनी त्याला अपात्र ठरवेल, हे मला टाकतानाच माहीत असते.

नावाचेही तसेच. आडनावाचा रकाना सक्तीचा. जावा बेटावर आणि म्यानमारमध्ये असंख्य माणसे एकाच नावाने आयुष्य काढतात, तशी ती इतरत्रही आहेत. त्यांचा अर्ज भरताना कुणी आडनावाच्या जागी टिंब देतो, कुणी तेच नाव दोनदा लिहितो, कुणी वडिलांचे टाकतो. मग बँकेतले नाव, ओळखपत्रावरचे नाव आणि योजनेतले नाव जुळत नाही आणि ‘माहिती जुळत नाही’ असा शेरा पडून अर्ज परत येतो. माणूस एकच, रकाना आखणाऱ्याने त्याचे तीन केले.

श्रीमंत देशांतही हे घडले आहे, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना यंत्र वापरता येत नाही असे म्हणून सुटका करून घेऊ नका. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाच्या संगणकीय पद्धतीने 2015 पासून काही वर्षे लाखो लोकांवर बेकायदा वसुली लादली. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांना लबाड ठरवले गेले आणि जानेवारी 2021 मध्ये त्यापायी तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तिथे चौकशी आयोग, न्यायालये, वकील, वृत्तपत्रे सारे हाताशी असूनही सत्य बाहेर यायला वर्षे गेली. जिथे वकील परवडत नाही आणि पोर्टलची भाषा कळत नाही, तिथे किती नकार तसेच गिळले जात असतील, याचा विचार करा.

दुसरी तक्रार पोहोचण्याची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात 260 कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. अल्प उत्पन्न असलेल्या देशांत इंटरनेट वापरणारे जेमतेम 27 टक्के. जागतिक बँकेच्याच काही वर्षांपूर्वीच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 कोटी लोकांकडे कोणतेही अधिकृत ओळखपत्र नव्हते. ज्यांना योजनेची सर्वाधिक गरज आहे ते नेमके याच आकड्यांत आहेत, आणि ‘फक्त ऑनलाइन’ची पाटी लागते ती त्यांच्याच तोंडावर. त्यात काही सरकारे एका हाताने सेवा ऑनलाइन नेतात आणि दुसऱ्या हाताने इंटरनेट महाग करतात किंवा बंद करतात. युगांडाने जुलै 2018 मध्ये समाजमाध्यमे वापरण्यावर रोज 200 शिलिंग कर बसवला होता. ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेने 2024 या एका वर्षात 54 देशांत 296 वेळा इंटरनेट बंद केल्याची नोंद केली आहे. नेट बंद असलेल्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख उलटली तर ती वाढवून देण्याची तरतूद कुठल्याही पोर्टलवर माझ्या पाहण्यात आलेली नाही.

तिसरी, माहितीची. बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा, कुटुंबाची यादी, आजार, उत्पन्न हे सारे माझ्यासमोर बसलेला माणूस विश्वासाने देतो. विश्वासाने म्हणते खरी, पण नाही म्हणायची सोय त्याला नसते. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. बांगलादेशात आश्रय घेतलेल्या रोहिंग्यांची माहिती संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने नोंदवली. ज्या म्यानमारमधून ते जीव वाचवून पळाले त्याच देशाच्या सरकारकडे ती पुढे पोहोचली, आणि अनेकांना याची पूर्वकल्पना नव्हती, असे ‘ह्युमन राइट्स वॉच’ या मानवी हक्क संस्थेने जून 2021 मध्ये समोर आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानात सत्ता पालटली आणि परदेशी मदतीने उभारलेल्या बायोमेट्रिक यंत्रणा तालिबानच्या हाती गेल्या. आजचे सरकार भले असेलही. माहिती मात्र उद्याच्या सरकारच्याही हातात राहणार आहे.

न्यायालयांनी हे ओळखले आहे. जमैकाच्या न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये राष्ट्रीय ओळखनोंदणीचा कायदाच रद्दबातल ठरवला. केनियाच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये ‘हुदुमा’ या राष्ट्रीय ओळखकार्डांचे वाटप बेकायदा ठरवले, कारण लोकांच्या माहितीला काय धोका आहे याचे मूल्यमापन आधी केलेच नव्हते. कोट्यवधींचा खर्च होऊन गेल्यावर न्यायालयाने सांगेपर्यंत थांबायचे कशाला? हे मूल्यमापन निविदा काढण्याआधी करता येते.

चौथी तक्रार थोडक्यात. नागरिकाच्या घरातले सगळे सरकारला दिसते, सरकारच्या घरातले नागरिकाला दिसत नाही. ते दाखवता येते, याचेही दाखले आहेत. राजस्थानात माहितीच्या हक्कासाठी दीर्घकाळ लढलेल्या लोकांच्या आग्रहातून 2019 मध्ये जनसूचना पोर्टल आले. कोणत्या योजनेत कुणाचे नाव आहे, कुणाला काय मिळाले, हे त्यावर न मागता पाहता येते. युक्रेनने 2016 पासून सरकारी खरेदीच्या निविदा ‘प्रोझोरो’ या ऑनलाइन व्यवस्थेवर खुल्या केल्या. अशा कामांना निधी मागायला तुमच्यापैकी किती जण पुढे येतात?

पाचवी, पैशांची. मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड हीक्स यांनी 2003 मध्ये विकसनशील देशांतल्या ई-गव्हर्नन्स प्रकल्पांचा अंदाज मांडला होता. 35 टक्के पूर्ण फसलेले, 50 टक्के अर्धवट फसलेले, 15 टक्के यशस्वी. जागतिक बँकेच्या 2016 च्या जागतिक विकास अहवालातही स्पष्ट लिहिले आहे की नुसत्या तंत्राने लाभ होत नाही. त्याच्या जोडीला नियम, लोकांची कौशल्ये आणि उत्तरदायी संस्था लागतात. हे तुम्हीच लिहिलेले आहे. तरीही अंदाजपत्रकात यंत्रांसाठी, सॉफ्टवेअरच्या परवान्यांसाठी पैसे असतात आणि माझ्यासारख्यांच्या प्रशिक्षणासाठी, तक्रारी ऐकणाऱ्या माणसांसाठी नसतात. फसलेल्या प्रकल्पाचे कर्ज मात्र त्याच नागरिकांच्या करातून फिटते ज्यांचा अर्ज नामंजूर झाला. ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाढलेले, दक्षिण आफ्रिकेत सुरुवात झालेले ‘डीएचआयएस2’ हे आरोग्य माहितीचे मुक्त सॉफ्टवेअर आज कितीतरी देश परवान्याचे पैसे न देता वापरतात. म्हणजे एकाच कंपनीच्या कायमचे ताब्यात न जाण्याची वाट उपलब्ध आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. कागदी अर्जाची खिडकी चालू ठेवा, जिथे बंद केली तिथे पुन्हा उघडा. तिथे आलेला अर्ज ऑनलाइन अर्जाइतकाच ग्राह्य धरा आणि त्याची पोच द्या. बांगलादेशाने 2010 मध्ये साडेचार हजारांच्या आसपास युनियन परिषदांमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रामीण स्थानिक कारभाराच्या कार्यालयांत, माणसे बसवलेली डिजिटल केंद्रे उघडली. खेड्यापर्यंत माणूस नेणे अशक्य आहे, असे त्यामुळे म्हणता येणार नाही.

2. प्रत्येक नकारावर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा, अर्जदाराच्या भाषेत लिहिलेले नेमके कारण आणि अपिलाचा पत्ता असावा. निर्णय यंत्राने घेतला असेल तर तसे लिहा आणि त्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची तेही लिहा. कारणांच्या यादीतून ‘इतर’ काढून टाका.

3. ठसा जुळला नाही, ओटीपी आला नाही, सर्व्हर बंद होता, इंटरनेट तोडले होते, या कारणांनी कुणाचाही लाभ थांबवू नका. शंका असेल तर लाभ चालू ठेवून चौकशी करा. समोर बसलेल्या माणसाची ओळख पटवून हाताने नोंद करण्याचा अधिकार केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला द्या. त्याचा गैरवापर होईल अशी भीती असेल तर अशा नोंदींची तपासणी करा. तुमच्या तपासणीला मी केव्हाही तयार आहे.

4. माहिती संरक्षणाचा कायदा आणि धोक्याचे जाहीर मूल्यमापन होण्याआधी एकाही नागरिकाचा ठसा घेऊ नका. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या खात्याला किंवा दुसऱ्या देशाला देताना त्या माणसाला आधी विचारा.

5. किती अर्ज आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने, किती अपिले मान्य झाली, हे आकडे दरमहा जाहीर करा. कर्ज देणाऱ्या संस्थांनी पुढचा हप्ता याच आकड्यांवर सोडावा. किती नोंदण्या झाल्या, हे विचारणे पुरेसे नाही.

आणि अभियंत्यांना एक वेगळी विनंती. नवे पोर्टल सुरू करण्याआधी एक आठवडा कोणत्याही सेवा केंद्रावर येऊन बसा. सादरीकरण नको, पाहणीचा अहवाल नको, फक्त बसा. अर्ज निम्मा भरून होतो तोवर वेळ संपून पान बंद पडते, तेव्हा समोरच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून नाव सांगायला सुरुवात केलेली ऐका. खुर्ची मी देईन.

आजींचा अर्ज मी तिसऱ्यांदा भरला आहे. या वेळी सोबत त्यांच्या दहाही बोटांचे फोटो जोडले आहेत, आणि जिथे ‘अधिक माहिती’ असा रकाना आहे तिथे लिहिले आहे: ‘अर्जदार माझ्यासमोर बसल्या आहेत.’ अर्जाची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेले नाही.

आपली,
सेवा केंद्रावरील एक मदतनीस